लेबलवरची चौथी ओळ

मल्लिनाथ दुकानात आला तेव्हा धम्मानंद एका लग्नपत्रिकेतला गणपती सरळ करत होता. दुपार होती. गंजगोलाईच्या बाजारातली अर्धी दुकानं जेवायला उठली होती. मल्लिनाथनं पंखा आपल्याकडं वळवला, प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि म्हणाला, "लेबल बदलायचंय."

ते लेबल धम्मानंदनंच बनवलेलं. मराठीत एम.ए. करूनही कॉलेजात कुणी उभं करेना, म्हणून त्यानं हे डीटीपीचं दुकान टाकलं. त्याच सुमारास मल्लिनाथनं वडिलांच्या लाकडी घाण्याचं तेल डब्यातून बाटलीत आणलं होतं. दोघं एका बाकावर शिकलेले. पहिलं गिऱ्हाईक म्हणून मल्लिनाथ आला, आणि एका लेबलासाठी दोघं संध्याकाळभर भांडले. मल्लिनाथला लेबलावर सगळं आरोग्यशास्त्र हवं होतं. धम्मानंदला तीनच ओळी हव्या होत्या. शेवटी त्याच राहिल्या. वर 'सिद्धराम लाकडी घाणा, लातूर. शुद्ध करडई तेल.' मध्ये 'खायला. अंगाला लावायला. देवापुढं लावायला.' खाली आप्पांचा मोबाइल नंबर. आप्पा म्हणजे सिद्धराम, मल्लिनाथचे वडील. नंबर माझाच पाहिजे, तेल माझ्या नावावर चाललंय, असं त्यांनी बजावलं होतं.

"भाव वाढवला का?" धम्मानंदनं विचारलं.

"न्हाई. चौथी ओळ टाकायचीय."

"सांग."

"कंडोम वापरताना हे तेल लावू नका. कंडोम फाटतं."

धम्मानंदची बोटं 'कंडोम'पर्यंत गेली आणि थांबली. मग तो खो खो हसला.

"लेका, उन्हात फिरून आलास का? घाण्याच्या तेलाचा असला उपयोग कोण करायलंय?"

"मी," मल्लिनाथ म्हणाला.

 धम्मानंदनं उगाच फाइल सेव्ह केली.

"आणि बाईसंगं न्हाई," मल्लिनाथ म्हणाला. "हे बी आत्ताच सांगून टाकतो. परत परत धीर हुणार न्हाई."

एवढी वर्षं एकत्र चहा प्यायलेला माणूस. लग्नाचा विषय निघाला की घाण्याचा पट्टा तुटल्याची आठवण येणारा माणूस. धम्मानंदला एकेक गोष्ट मागून येऊन भिडायला लागली. आपण साहित्य शिकलो, माणसाच्या मनाबद्दल पानंच्या पानं लिहिली, आणि बाकावरच्या माणसाचं आपल्याला काही माहीत नव्हतं. 

तेवढ्यात मल्लिनाथनं दुसरं सांगितलं. श्रावणात ताप येऊन येऊन तो वाळला होता, ते आठवतंय का? तो टायफॉइड नव्हता. रक्तात एचआयव्ही निघाला होता.

टेबलावर चहाचा एकच ग्लास होता, दोघांत अर्धा-अर्धा. धम्मानंदचा हात ग्लासाकडं गेला आणि मध्येच थबकला. मल्लिनाथनं ते बघितलं.

"चहानं न्हाई होत रं. पी. न्हाईतर मी पितो, चहा तुझ्याच पैशाचा हाय."

धम्मानंदनं ग्लास उचलून रिकामा केला. त्याचे कान तापले होते. आपल्या हाताची त्याला लाज वाटली.

"पर तू तर... म्हंजे, तू वापरत होतास ना?"

"दर वेळी," मल्लिनाथ म्हणाला. "एकदा बी चुकलो न्हाई. तेच तर सांगायलोय."

मल्लिनाथ कसा माणूस आहे हे ज्याला माहीत आहे त्याला यात नवल वाटणार नाही. करडई घ्यायला तो स्वतः आडतीवर जायचा. मूठभर दाणा तळहातावर चोळून, हुंगून मगच पोतं उचलायचा. घाण्यातून निघालेलं तेल निवांत बसू द्यायचा, गाळ खाली बसला की वरचं तेवढं सुती कापडातून काढायचा. घाईत बाटली भरलेली त्यानं कधी चालवून घेतली नाही. गल्लीतली बाळं याच तेलानं रगडलेली. कान ठणकला की शांतम्मा, त्याच्या आई, हेच कोमट करून कापसाचा बोळा ठेवायच्या. टाच फुटली, हेच. ओठ फुटला, हेच. या तेलानं कुणाचं वाईट झाल्याचं त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

नांदेडला त्याची गिऱ्हाइकं होती. बाटल्यांची पिशवी घेऊन तो एसटीनं जायचा. नांदेडला त्याला कुणी 'सिद्धरामआप्पाचा मल्लू' म्हणून ओळखत नव्हतं. तिथंच त्याला त्याच्यासारखी माणसं भेटली. काही एकदाच, काही परत परत. भीती होतीच. टीव्हीवर, एसटी स्टँडच्या भिंतीवर एड्सबद्दल लिहिलेलं वाचून तो मोठा झाला होता. म्हणून कंडोम. भिंतीवर लिहिलं होतं तसंच, न चुकता.

पण पुरुषाला पुरुषासोबत नुसतं कंडोम पुरत नाही. काहीतरी ओलसर लागतं, नाहीतर दुखतं, सोलवटतं. हे भिंतीवर लिहिलेलं नव्हतं. हे ज्याचं त्यानं अंधारात चाचपून शिकायचं. कुणी थुंकी लावतं, कुणी खोबरेल, कुणी गालाला लावायची क्रीम. मल्लिनाथनं घरातलं सगळ्यात चांगलं, सगळ्यात शुद्ध ते नेलं. छोट्या बाटलीत, कापडातून दोनदा गाळून.

कंडोम फाटायचं. दर वेळी नाही, पण फाटायचं.

"मला वाटलं, माल खराब हाय," मल्लिनाथ म्हणाला. "म्हून महागातलं घेतलं. मेडिकलवाल्याला म्हणलं, दुसऱ्या कंपनीचं द्या, हे फाटायलंय. तो कसा हसला माहितीय का? म्हणला, वाघ हायत की तुम्ही! पेपरात गुंडाळून दिलं. काय लावता, हे विचारलं न्हाई."

"मग डॉक्टरला तरी विचारायचं."

"विचारलं की. आपल्या राजशेखर डॉक्टरला."

राजशेखर डॉक्टर मल्लिनाथच्याच लिंगायत समाजातले, आप्पांचे जुने स्नेही. महिन्याचं तेल घाण्यावरूनच नेणारे. बाळंतिणींना 'सिद्धरामचंच तेल आणा' म्हणून सांगणारे. मल्लिनाथनं त्यांना एवढंच विचारलं होतं, की डॉक्टरसाहेब, कंडोम सारखं फाटतं, काय कारण असंल? डॉक्टरांनी खुर्चीत मागं रेलून त्याच्याकडं बघितलं. म्हणाले, "जोर कमी लावत जा. आणि लगीन कर, म्हणजे फाटायची भीती राहणार नाही." कंपाउंडरसुद्धा हसला. मल्लिनाथही हसला. हसल्याशिवाय त्या खोलीतून बाहेर कसं पडणार?

ते ऐकताना धम्मानंदला शाळेतले निवृत्ती सर आठवले. सायन्सच्या पुस्तकातला तो एक धडा आला की सर पुस्तक मिटायचे. "हा घरी वाचा," म्हणायचे. घरी कुणी वाचला नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न आला नाही. आलाच असता तर कुणालाच सुटला नसता.

श्रावणात ताप हटेना तेव्हा मल्लिनाथनं नांदेडलाच तपासून घेतलं. सरकारी दवाखान्यात, लातूरपासून लांब. समुपदेशन करणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या मागं भिंतीवर नवरा, बायको आणि दोन लेकरांचं चित्र होतं. त्यांनी विचारलं, मिसेसला कधी आणता? तो म्हणाला, लगीन न्हाई झालं. मग बाहेर कुठल्या बायकांकडं जात होतात? तो म्हणाला, बायकांकडं न्हाई. बाईंनी पेन खाली ठेवलं. मग कंडोम कसं उघडायचं, तारीख कशी बघायची, कुठं टाकायचं, हे सगळं त्यांनी त्याच्याकडं न बघता नीट समजावून सांगितलं. हे सगळं त्याला आधीच येत होतं.

"आणि मग सुदर्शन भेटला," मल्लिनाथ म्हणाला.

सुदर्शन मूळचा हदगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. नांदेडच्या एका संस्थेत काम करायचा. अशा पुरुषांना गाठायचं, त्यांच्याशी बोलायचं, त्यांना तपासणीला न्यायचं, हे त्याचं काम. तो स्वतःही तसाच. त्यानं मल्लिनाथला संस्थेच्या खोलीत बसवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला.

"भाऊ, लावता काय तुम्ही?"

"घाण्याचं. करडईचं. आपलंच हाय, शुद्ध."

सुदर्शननं कपाळावर हात मारून घेतला. मग त्यानं पुडी फोडली, कंडोम तोंडानं फुगवलं, फुग्यासारखी गाठ मारली. "आता तुमचं शुद्ध आणा," म्हणाला. मल्लिनाथच्या पिशवीत बाटली होतीच. सुदर्शननं दोन थेंब बोटावर घेतले आणि फुग्यावर हलके चोळत राहिला, बाळाच्या टाळूवर चोळावं तसा. चोळता चोळता बोलत होता, शेतात सोयाबीन कसं आलंय ते सांगत होता. मध्येच फुगा फाटकन फुटला. मल्लिनाथ खुर्चीवरून उठून उभा राहिला.

"तेल रबराला खाऊन राहिलं, भाऊ," सुदर्शन म्हणाला. "करडई असो, खोबरेल असो, तूप असो. व्हॅसलीन बी तसंच. तुमच्या तेलाचा दोष न्हाई. कुणी सांगितलं न्हाई का?"

कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी सुदर्शननं सांगितलेल्या कितीतरी गोष्टी कुणी सांगितल्या नव्हत्या. पाण्याचं जेल मिळतं, ते रबराला काही करत नाही. फाटलंच, तर तीन दिवसांच्या आत दवाखाना गाठायचा, जितकं लवकर तितकं बरं. त्यावरही गोळ्या असतात, त्यानं लागण टळू शकते. ज्याला एचआयव्ही झालेला नाही त्यानं आधीपासून घ्यायच्या गोळ्याही असतात. आणि ज्याला झालाय त्यानं न चुकता गोळ्या घेतल्या, तर विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि मग संबंधातून तो पुढंही जात नाही. मल्लिनाथ प्रत्येक वेळी फाटल्यावर काय करायचा? अंग पुसायचा, देवाचं नाव घ्यायचा आणि लातूरची एसटी धरायचा.

"तुमच्याकडं हाय का जेल?" त्यानं विचारलं होतं.

सुदर्शननं कपाटाकडं बोट दाखवलं. आत खोकी होती, सील न फोडलेली. वरून आलेल्या साहेबांनी ती वाटायला नको म्हटलं होतं. कंडोमचं ठीक आहे, ते कुटुंबाला लागतं, असं सांगता येतं. या जेलचं काय सांगणार? लोक म्हणतील, तुम्ही हे धंदे शिकवता. सुदर्शन साहेबांशी भांडला होता, परत भांडणार होता. तोवर तो चार-चार पुड्या खिशातून न्यायचा, चोरासारखा.

मल्लिनाथचं सांगून संपलं. दुपार कलली होती. लग्नपत्रिकेतला गणपती पडद्यावर तिरकाच होता.

धम्मानंदला आधी वाईट वाटलं होतं. आता राग यायला लागला. तो हळूहळू चढला आणि उतरेना. मेडिकलवाला, डॉक्टर, बाई, साहेब, आपले सर. एकही माणूस दुष्ट नाही. कुणी याला मारलं नाही, कुणी घराबाहेर काढलं नाही. प्रत्येकाकडं एक वाक्य होतं. 'तेल लावू नको.' एवढंच. ते म्हणायला एक श्वास पुरतो. आणि प्रत्येकानं तो श्वास वाचवला. कशासाठी? तर आपलं तोंड खराब होऊ नये म्हणून. आपलं तोंड स्वच्छ राहावं म्हणून त्यांनी एक माणूस आजारी पाडला, आणि संध्याकाळी घरी जाऊन नीट जेवले.

"मल्ल्या, हे लेबलवर नको," तरीही तो म्हणाला. "मी वेगळं पत्रक करून देतो. फुकट. सुदर्शन वाटंल."

"पत्रक कोण घेतंय हातात? असलं पत्रक दिसलं की माणूस रस्ता बदलतोय. तेलाची बाटली घरात जाते. आई बघते, पोरगं बघतंय, कुणी इचारत न्हाई कुठनं आणली."

"मग जरा झाकून लिहू. 'विशेष प्रसंगी वापर टाळावा.'"

"विशेष प्रसंग म्हंजे लगीन समजतील. वरातीत भजी तळायला दुसरं तेल नेतील."

दोघंही हसले. हसता हसता धम्मानंदचे डोळे भरून आले आणि त्यानं खाली वाकून प्रिंटरचा कागद नीट केला.

"तुझं नाव लागंल याला," तो म्हणाला. "लोक विचारतील, याला कसं कळलं?"

"इचारू देत. नवरा-बायकोला बी हे लागू हायच की. कुणाचं तोंड मी कशाला धरू?" मल्लिनाथ म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "धम्मा, माझ्या बाटलीतनं कुणी बी आपलं भलं समजून नेत असंल. माझ्यासारखंच. मला ते झोपू देईना. तीन उपयोग मी सांगायचे आणि ह्यो एक लपवायचा?"

धम्मानंदनं टाइप केलं. त्याच्या आयुष्यात त्यानं एवढं विचारपूर्वक काही लिहिलं नव्हतं. 'कंडोम वापरताना हे तेल लावू नका. कोणतंच तेल लावू नका. कंडोम फाटतं. पाण्याचं जेल लावा.' अक्षर वरच्या तीन ओळींएवढंच ठेवलं.

लेबलं लागली त्या सकाळी धम्मानंद मुद्दाम घाण्यावर गेला. आप्पा इष्टलिंगाची पूजा आटोपून, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून गल्ल्यावर बसले होते. त्यांच्या हातात बाटली होती. चष्मा नाकावर खाली आणून ते वाचत होते, आणि वाचून झाल्यावर परत वरून वाचत होते.

"धम्मानंद, हे तू छापलंस?"

"हाव, आप्पा."

"'देवापुढं लावायला.' आणि त्याच्या खाली हे?"

"आप्पा, मीच सांगितलंय," मल्लिनाथ आतून हात पुसत आला.

"ह्या घाण्यावर माझा बाप बसला. तुझ्या आज्यानं बैल हाकला इथं. आणि तू बाटलीवर ही घाण लिहितोस? कुणी सांगितलं तुला असलं?"

"कुणी सांगितलं न्हाई म्हून तर लिहिलं, आप्पा."

आणि मग मल्लिनाथनं सांगितलं. घाणा बंद होता, त्यामुळं प्रत्येक शब्द ऐकू गेला. त्यानं फार लांबवलं नाही. मी असा हाय. मला हे झालंय. गोळ्या चालू हायत, मी मरत न्हाई. आणि हे ह्या तेलामुळं झालं, आपल्या तेलाचा दोष नसताना, नांदेडच्या एका माणसानं ते दाखवून दिलं. शांतम्मा आतल्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं.  आप्पांनी बाटली खाली ठेवली, परत उचलली, परत ठेवली. धम्मानंदला वाटलं, आता हात उठणार. हात उठला नाही.

त्याच वेळी राजशेखर डॉक्टर महिन्याचा डबा घेऊन आले. दारातूनच म्हणाले, "आप्पासाहेब, चेहरे का पडलेत सगळ्यांचे?" आणि मग त्यांचं लक्ष रांगेनं मांडलेल्या बाटल्यांकडं गेलं. त्यांनी एक उचलून वाचली. हसू आलं ते त्यांनी दाबलं.

"मल्लिनाथ, अरे हे काय! हे असं लेबलवर लिहायचं नसतं. आया-बहिणी घेतात तेल. या गोष्टी लोकांना माहीत असतात."

"कुणाला?" धम्मानंद म्हणाला.

आपला आवाज एवढा मोठा येईल असं त्याला वाटलं नव्हतं. रस्त्यावरचा केळीवाला वळून बघायला लागला.

"कुणाला माहीत असतात, डॉक्टर? ह्यानं तुम्हाला विचारलं होतं. तुमच्या दवाखान्यात, तुमच्या खुर्चीसमोर. फाटतंय म्हणाला होता. तुम्ही काय सांगितलंत? जोर कमी लावत जा!"

"अरे, ती गंमत होती. तो काय विचारतोय ते मला..."

"तुम्हाला कळलं होतं. म्हणूनच गंमत केली. कळलं नसतं तर नीट विचारलं असतं. तापाला तुम्ही गंमत करत नाही, साखरेला करत नाही. ह्यालाच कशी आली गंमत? एक वाक्य सांगायचं होतं तुम्हाला. फी घेतली होती त्याची."

"तू माझ्याशी कसं बोलतोयस याचं भान ठेव."

"ठेवतोय, म्हणून एवढंच बोलतोय. आज तुम्ही सांगायला आलात, की लिहू नको. तेव्हा बोलला नाहीत, आणि आता दुसऱ्यालाही बोलू देणार नाही?"

डॉक्टरांनी आप्पांकडं बघितलं. एवढ्या वर्षांचा स्नेह, आप्पा काहीतरी म्हणतील, या पोराला दम देतील, असं त्यांना वाटलं असणार. आप्पा उठले. सगळ्यांना वाटलं, ते बोलणार. ते घाण्याजवळ गेले आणि त्यांनी मोटर चालू केली. लाकडाचा घरघराट सगळ्या दुकानात भरला. आता कुणाचंच कुणाला ऐकू येईना. डॉक्टर थोडा वेळ डबा हातात घेऊन उभे राहिले आणि रिकामा डबा घेऊन गेले.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले असं कुणी म्हणू नये. एका मठाच्या दिव्यांचं तेल दुसरीकडून जायला लागलं. पोरं दुकानावरून जाताना "जोरात हाय का माल?" म्हणून ओरडायची. सोयरे समजावून गेले. केवळाबाई, समोर भाजी विकणारी, ती तेवढी बाटली घेऊन जायची, आणि लेबल मोठ्यानं वाचून म्हणायची, "बरं झालं बाई लिहिलं, आमच्या पोराला वाचाय देते, त्यो काय मला इचारणार हाय व्हय?" आप्पा देवापुढच्या दिव्याच्या बाटलीचं लेबल रोज नखानं खरवडून काढत. मल्लिनाथशी ते फक्त करडईबद्दल बोलत. शांतम्मा त्याला गोळीची आठवण करत, नाव न घेता. "घेतलास का?" एवढंच.

पण लेबल बदलायला धम्मानंदच्या दुकानात कुणी आलं नाही. मल्लिनाथ तर येणारच नव्हता. आप्पाही आले नाहीत. धम्मानंदला त्याचा अर्थ लागत नव्हता. तो रोज वाट बघायचा, की आज आप्पा येतील आणि जुनी फाइल मागतील. ते आले असते तर आपण काय केलं असतं, हेही तो ठरवून बसला होता. नाही म्हणणार होता. तेवढ्यासाठी एक गिऱ्हाईक गेलं तरी चालणार होतं.

दिवाळीच्या आधी गर्दीचे दिवस. धम्मानंद हातभार लावायला घाण्यावर बसला होता, बाटल्यांची झाकणं दाबत. मल्लिनाथ आत तेल गाळत होता. आप्पांचा मोबाइल वाजला. आप्पा फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, कानाला लावला की त्यांना नीट ऐकू येत नाही.

"हॅलो, सिद्धराम घाणा का?" पलीकडचा आवाज तरुण होता, दबका. मागं बसस्टँडवरच्या गाडीची घोषणा ऐकू येत होती. माहूरची गाडी लागल्याचं कुणीतरी सांगत होतं.

"हाव, बोला. किती पायजे?"

"तेल न्हाई पायजे काका. ते... बाटलीवर लिहिलंय, ते खरं हाय का?"

धम्मानंदचं झाकण हातात राहिलं. आप्पांनी फोनकडं बघितलं. आत मल्लिनाथ गाळणीवर वाकलेला तसाच थांबला होता.

"काय लिहिलंय?" आप्पा म्हणाले. त्यांना माहीत होतं काय लिहिलंय.

"ते कंडोमचं. आम्ही खोबरेल लावतो. खोबरेल चालतंय का?"

फोन ठेवून देता आला असता. राँग नंबर म्हणता आलं असतं. धम्मानंदला त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती, विभूतीच्या पट्ट्याखाली. आप्पांनी घसा खाकरला. ते फोनवर थोडे वाकले, आणि गिऱ्हाइकाला भाव सांगावा तशा सुरात म्हणाले,

"न्हाई. खोबरेल बी न्हाई. कुठलंच तेल न्हाई. फाटतंय त्यानं. पाण्याचं जेल मिळतंय, ते घे."

"बरं काका."

"आणि आधी फाटलं असंल तर तपासून घे. घाबरू नको. गोळ्या असतात."

 मग फोन कट झाला.

आप्पांनी मोबाइल गल्ल्यावर उपडा ठेवला. कुणाकडंही बघितलं नाही. नंतर एकदम मागं वळून ओरडले, "मल्लू! जेल कुठं मिळतंय ते सांगायचं राहिलं त्या पोराला. तुझा तो नांदेडचा माणूस हाय ना, त्याला लाव फोन. ह्याचा नंबर दे त्याला. आत्ता लाव, नंतर नको."

"लावतो, आप्पा," मल्लिनाथ म्हणाला. त्यानं गाळणी बाजूला ठेवून मोबाइल काढला.

"आणि लेबलवर तुझा नंबर टाक," आप्पा म्हणाले. "मला असले फोन नकोत."

धम्मानंदनं हातातलं झाकण दाबलं. आप्पांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला, परत घातला आणि समोरची बाटली उचलली.

"न्हाईतर राहू दे," ते म्हणाले. "दोन्ही टाक."